रिलीव्हर आल्याशिवाय

आधी एक दुरुस्ती, मग प्रवास.

मेघाने तिच्या वडिलांना जर्मनीत अडकवून ठेवलेलं नाही. नात सांभाळायला नाही, भांडी घासायला नाही, कशालाच नाही. हे मी परतल्याबरोबर सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी बरोबर उलटं सांगितलं, आणि नाशिकरोडला मिसळीच्या टेबलावर बोललेलं वाक्य देवळ्यापर्यंत किती झपाट्याने जातं हे मला या वयात कळलं. म्हणून लिहायला बसलो आहे. ज्यांनी ते माझ्या तोंडून ऐकलं त्यांनी हे जरूर वाचावं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी नुसतं प्रवासवर्णन म्हणून वाचलं तरी चालेल. वारा, मेंढ्या आणि चहा यात भरपूर आहे.

मेघाचे वडील म्हणजे माझा मित्र दामोदर, आमचा दामू. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आम्ही दोघं एकाच कंट्रोल रूममध्ये नोकरीला होतो, पण बरीच वर्षं एका वेळी कधीच नाही. त्याची शिफ्ट संपायची तेव्हा माझी सुरू व्हायची. मी त्याचा रिलीव्हर, तो माझा. आमच्याकडे शिफ्ट संपली म्हणून कोणी उठत नसे. पुढचा माणूस समोर येऊन उभा राहायचा, कुठला पंप बंद आहे, कुठल्या मीटरवर डोळा ठेवायचा ते ऐकून घ्यायचा आणि ‘चार्ज घेतला’ म्हणायचा. मगच खुर्ची सोडायची. तो आला नाही, तर बसून राहायचं. डबा संपला असला तरी, घरी पाहुणे आले असले तरी. आमची सगळी मैत्री त्या चार मिनिटांच्या देवाणघेवाणीत झाली. चार मिनिटांत भांडताही येतं, हेही तिथेच कळलं.

दामूची बायको गेल्यावर मेघाने त्याला आपल्याकडे नेलं. सुरुवातीला तो ‘थोडे दिवस’ म्हणून गेला होता. त्यानंतर त्याच्या दोन दिवाळ्या तिकडेच झाल्या. आमचं सकाळी फिरायचं मंडळ त्याची वाट बघून थकलं. पण खरी वाट बघत होती ती देवळ्याची अक्का, त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्याला वाढवलं. मी जर्मनीला निघालोय म्हटल्यावर तिने फोन केला.

“भाऊ, त्याले संगे लई ये. मना जीव त्यानामा अडकेल शे.”

“आणतो अक्का,” मी म्हटलं. जसं काही दामू म्हणजे विसरलेली छत्री.

खिडकीतल्या किटल्या

मेघाचं गाव जर्मनीच्या अगदी वायव्य टोकाला आहे. त्या भागाला ओस्टफ्रीसलांड म्हणतात. समुद्र जवळ, जमीन तव्यासारखी सपाट, मधूनमधून कालवे, आणि वारा. निफाडची थंडी मी सोसली आहे, पण निफाडच्या थंडीला एक सभ्यता आहे; ती शाल घेतली की बाहेर थांबते. हा वारा बाहीतून शिरतो आणि कॉलरमधून बाहेर पडतो. मेघा पवनचक्क्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. दामू म्हणतो, “बापाने आयुष्यभर कोळसा जाळला, पोरगी वाऱ्यावर पोट भरते.” हे वाक्य तो येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो, आणि मेघा प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसते. मुलगी चांगली आहे हे मला तिथेच कळायला हवं होतं.

पहिल्या दिवशी दामू मला गाव दाखवायला घेऊन गेला. घरं विटांची, ठेंगणी, आणि खिडक्यांना पडदेच नाहीत म्हणावं इतके लहान. आत सगळं दिसतं: टेबल, किटली, पेपर वाचणारे आजोबा. मी एका खिडकीशी थांबून नीट बघत होतो तर दामूने दंडाला धरून ओढलं.

“बघायचं नाही.”

“मग पडदे का नाही लावत?”

“ते लावत नाहीत आणि आपण बघत नाही. अशी पद्धत आहे.”

“आपल्याकडे उलटं आहे.”

“म्हणूनच सांगतोय, चल.”

रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण ‘मोइन’ म्हणतो. सकाळी मोइन, दुपारी मोइन, संध्याकाळीही मोइन. पुढे काही नाही. तब्येत कशी, मुलगा काय करतो, जावई कुठे असतो, काही नाही. मी दामूला विचारलं, “एवढ्यावर भागतं?” तो म्हणाला, “दोनदा मोइन म्हटलं तर बडबड्या समजतात.” ज्या माणसाने एकलहऱ्याच्या कॅन्टीनमध्ये एका वड्यावर तासभर भाषण केलं होतं, त्याच्या तोंडून हे ऐकून मला गंमत वाटली आणि थोडं वाईटही वाटलं.

रविवारी मी उठून सगळ्यांसाठी आल्याचा चहा करावा म्हणून खलबत्ता काढला. तो मीच सुटकेसमधून आणला होता. सुटकेसचं निम्मं वजन त्याचंच होतं. आलं ठेचून झालं, लागल्या हाताने शेंगदाण्याचं कूटही करायला घेतलं. दामू पायजम्यात धावत आला.

“बंद कर! रविवार आहे!”

“मग? उपास आहे?”

“रविवारी आवाज करत नाहीत. ठोकाठोक नाही, ड्रिल नाही, गवत कापायचं मशीन नाही. पोलिसांना बोलावतात लोक.”

“कुटासाठी?”

“कूट त्यांना कुठे माहिती आहे? त्यांना वाटेल भिंत पाडतोय.”

मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो, खलबत्त्याखाली चौपदरी टॉवेल घातला आणि चोरासारखं हळूहळू कूट केलं. कचरा टाकायचीही परीक्षाच असते. कागद वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, ओला वेगळा, उरलेला वेगळा. चहाचा चोथा ओल्यात जातो हे मला कळलं, पण चहाची पिशवी उघडून तिचा दोरा, कागद आणि चोथा यांची फाळणी करत बसलो तेव्हा दामूची नात रेवा म्हणाली, “आजोबा, एवढं कोणीच करत नाही.” ती शाळेत स्वतःच्या सायकलने जाते, स्वतःच येते, स्वतःच पाव कापून खाते. तिला सांभाळायची गरज नाही. उलट तीच आम्हा दोघांना सांभाळत होती.

चमचा

शेजारी ओनो नावाचे गृहस्थ राहतात. आमच्यापेक्षा वयाने मोठे, ताडासारखे उंच, एकटे. डोळ्यांनी अंधुक दिसतं. मुलगा दूर म्युनिकला. नोकरी म्हणाल तर कालव्यावरच्या पुलाचे राखणदार होते. तिथले काही पूल मधून उघडतात. जहाज आलं की रस्ता उभा राहतो, जहाज गेलं की पुन्हा आडवा होतो. ओनो पुलाशेजारच्या खोलीत बसून हे काम करायचे. आता पूल कुठूनतरी लांबून, कॅमेऱ्यात बघून उघडतात.

दामू रोज सकाळी ओनोंना हाताला धरून त्या पुलापर्यंत नेतो. तिथे बाकावर दोघं बसतात, पूल उघडला तर ऐकतात, अकराच्या चहाला परत येतात. अकराचा चहा ही त्या भागातली पद्धत आहे, आणि ती मोडलेली मी एकदाच पाहिली. मोडणारा मीच होतो, पण ते पुढे.

पहिल्याच सकाळी मला ओनोंकडे चहाला नेलं. नाजूक कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा टाकतात. वर कडक चहा ओतला की खडा तडतडतो. मग छोट्या डावाने कपाच्या कडेकडेने साय सोडतात, ती चहात ढगासारखी पसरते. इथवर मला फार आवडलं. मग मी चमचा घेतला आणि ढवळलं.

ओनोंचा किटलीवरचा हात थांबला. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण ऐकू आलं.

“ढवळायचा नसतो,” दामू मराठीत पुटपुटला. “आधी साय, मग कडू, शेवटी गोड. तसा प्यायचा.”

“मग चमचा कशाला देतात?”

“पुरे म्हणायला. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा.”

हे कळलं तरी चमचा ठेवायला माझा हात धजेना. मी कप रिकामा करत होतो, ओनो चाचपून किटली उचलत होते, आणि मी, आपल्याकडे यजमानाला नाही कसं म्हणायचं, म्हणून पीत होतो. तीन कप घ्यायचेच असतात म्हणे, पण मी त्याच्या पार पुढे गेलो. दामू खुशाल बघत होता. शेवटी मी कपात चमचा जवळजवळ आपटला तेव्हा ओनो पहिल्यांदा हसले आणि काहीतरी म्हणाले.

“काय म्हणतात?”

“म्हणतात, तुझ्या मित्राला तहान फार आहे.”

संध्याकाळी मी विषय काढला. “अक्का वाट बघतेय. माझ्याबरोबर चल. थंडीभर राहा, लाल कांदा निघेल तोवर राहा, मग ये परत.”

“जावंसं वाटतं रे,” तो म्हणाला. “पण ओनोंचं काय?”

“त्यांना दुसरं कोणी फिरवेल.”

“नगरपालिकेने दोन माणसं पाठवली होती. त्यांनी दोघांना परत पाठवलं. फार बोलतात म्हणाले.”

“तू पेन्शनर आहेस दामू. कसली ड्यूटी?”

“ड्यूटी नाही. पण रिलीव्हर नाही ना.”

मी हसलो. तो हसला नाही.

मेघाने मला बाजूला घेऊन वेगळंच सांगितलं. “काका, तुम्ही तरी त्यांना घेऊन जा ना. मी मागच्या वर्षीच तिकीट काढते म्हटलं. अक्काआत्या विचारत असते, मला तिच्याशी बोलायची लाज वाटते. ते ऐकतच नाहीत.” हे तिचे शब्द आहेत. मी ते तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या हातची बटाट्याची भाजी खात ऐकले. हे ध्यानात ठेवा.

पूल

आता चिक्कीबद्दल. मी दामूसाठी चिवडा नेला होता आणि घरची शेंगदाण्याची चिक्की. चिक्की सुमनने केली होती. सुमन म्हणजे माझी बायको. ती चिक्की प्रेमाने करते आणि पाक थोडा पुढे नेते. दामूने पहिल्याच घासाला दाढ मोडली. त्यामुळे त्याला दाताच्या डॉक्टरकडे जावं लागलं, आणि त्यामुळे त्या दिवशी ओनोंना पुलावर न्यायची पाळी माझ्यावर आली.

दारात दामूने मला चार्ज दिला. गाल सुजलेला, पण सूर एकलहऱ्याचा.

“ओनो नॉर्मल. टोपी आहे, मफलर आहे. डावा गुडघा कुरकुरतोय, उतारावर सावकाश. सायकलवाल्यांची वाट वेगळी आहे, तिच्यावर पाय ठेवायचा नाही. मी तिकडून थेट पुलावर येतो आणि चार्ज घेतो. कळलं?”

“कळलं.”

“मग म्हण.”

“चार्ज घेतला.”

आम्ही निघालो. ओनोंनी माझा हात धरला. पंजा हा एवढा, आणि गरम. मला जर्मन येत नाही, त्यांना मराठी येत नाही, आणि इंग्रजी आम्हा दोघांचीही ‘येस’पलीकडे फारशी जात नव्हती. बाकावर बसलो. समोर कालवा, पलीकडच्या बांधावर मेंढ्या. थोड्या वेळाने घंटा वाजली, रस्त्यावर दांडे पडले, पूल मधून उभा राहिला. गाड्या मुकाट्याने थांबल्या. हॉर्न नाही, दांड्याखालून स्कूटर घालणारा कोणी नाही. नाशिकरोडचं फाटक आठवून मला गहिवरून आलं. ओनो मात्र डोकं तिरकं करून ऐकत होते आणि पूल खाली बसताना त्यांनी नापसंतीने ‘च्च’ केलं. आपण नसताना दुसऱ्याने चालवलेलं मशीन ऐकण्याचा तो चेहरा मला ओळखीचा होता.

दामू येईना. वारा वाढला. मी खिशातून चिवड्याची पुडी काढून ओनोंच्या हातावर थोडा ठेवला. त्यांनी एकेक पोहा चघळून खाल्ला, कढीपत्त्याचं पान बोटांनी ओळखून बाजूला काढलं आणि खिशात ठेवलं. का ते मला अजून कळलेलं नाही.

पाऊस भुरभुरू लागला. मी छत्री उघडली, वाऱ्याने ती उलटी केली. ओनोंनी माझ्याकडे मान वळवली आणि काहीतरी विचारलं. मी म्हटलं, “येस, येस.” थोड्या वेळाने मी त्यांना विचारलं, “कोल्ड?” ते म्हणाले, “नो, नो.” एक बाई कुत्रं घेऊन जाताना थांबल्या, आमच्याकडे बघितलं, काहीतरी काळजीचं विचारलं. आम्ही दोघांनीही हात हलवून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. अकराचा चहा केव्हाच होऊन गेला असणार. माझे कान बधिर झाले होते, ओनोंच्या नाकाचं टोक लाल झालं होतं. पण उठायचं कसं? दामू म्हणाला होता, पुलावर येतो आणि चार्ज घेतो. मी उठलो आणि तो इथे आला तर? फोन मी चार्जिंगला लावून आलो होतो.

शेवटी सायकलवरून मेघा आली. रेनकोट वाऱ्याने फुगलेला, चेहरा घाबरलेला.

“काका! काय झालं? पडलं का कोणी? ओनोंच्या घरी किटली तशीच, दार बंद, मी सगळीकडे शोधतेय!”

“काही नाही झालं.”

“मग घरी का नाही आलात?”

“दामू आला नाही ना.”

“बाबांची दाढ काढताहेत अजून! त्यांना येता आलं नाही म्हणून तुम्ही पावसात बसून राहणार?”

“रिलीव्हर आल्याशिवाय कसं उठायचं?”

ती सायकलवरून उतरली. मग ओनोंकडे वळून जर्मनमध्ये जरा रागावूनच बोलली. ओनोंनी शांतपणे उत्तर दिलं, आणि मेघाला एकदम हसू फुटलं. तिला सायकल धरून उभं राहता येईना.

“ते म्हणतात, पाहुण्याला पूल फार आवडलाय असं दिसतं. एवढ्या लांबून आलेत, त्यांना उठा कसं म्हणायचं, म्हणून बसून राहिलो. त्यांना मघापासून बाथरूमला जायचंय!”

हसता हसता तिने माझं कारण त्यांना सांगितलं. कंट्रोल रूम, चार्ज, सगळं. मला वाटलं आता ओनोही हसणार. ते हसले नाहीत. त्यांनी पावसात टोपी काढली, माझा हात शोधून हातात घेतला आणि सावकाश, थांबत थांबत बोलले. मेघा सांगत गेली.

“ते म्हणतात, एका हिवाळ्यात त्यांच्या जागी येणारा माणूस बर्फात अडकला. पुलाच्या खोलीत ते दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत बसून होते. बायकोने डब्यात वाटाण्याचं सूप पाठवलं. लोक हसले होते तेव्हा. म्हणाले, पूल कुठे पळून जाणार होता?”

मग ओनो आणखी एक वाक्य बोलले. मेघाने तेही सांगितलं.

“म्हणतात, हा माणूस उद्याही चालेल.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघं जाऊ लागलो. कधी दामूचा जबडा ठणकायचा, मग आम्ही दोघंच. दामूला ते पाहून आधी मजा वाटली, मग तो विचारात पडला. माझं परत निघायचं जवळ आलं तेव्हा, ओनो बाकावर डुलकी घेत असताना, तो कालव्याकडे बघत म्हणाला, “सुधाकर, तू थंडीत पुन्हा येशील? मी दोन महिने जाऊन येतो. अक्काला भेटतो. मेघा आहेच, तुला काही कमी पडणार नाही. फक्त सकाळचं एवढं बघ.”

मी लगेच हो म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “बघू. सुमनचा गुडघा आहे, माझं बीपी आहे, इथली थंडी... बघू.”

“बघ,” तो म्हणाला. चेष्टा नाही, आग्रह नाही. तिथे राहून त्याला कमी बोलायची सवय लागली आहे.

नाशिकरोड

परतल्यावर पहिल्या रविवारी मंडळ मिसळ खायला जमलं. पापड आला, दही आलं, तर्री आली, आणि प्रश्नही आला.

“काय सुधाकरराव, रिकाम्या हाताने? दामू कुठंय?”

खरं उत्तर असं होतं: तो येत होता, मीच नाही म्हटलं. पण तोंडातून निघालं, “पोरगी सोडत नाही हो.”

टेबलावर एकदम सहानुभूती पसरली. “नात सांभाळायला ठेवला असेल.” मी मान हलवली. “कामंही करवतात म्हणे तिकडे म्हाताऱ्यांकडून.” मी म्हटलं, “भांडी तोच लावतो मशीनमध्ये.” हे खरं होतं, त्याला ते मशीन फार आवडतं, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. पण हे मी सांगितलं नाही. मला जास्तीचा रस्सा वाढला गेला आणि मी तो खाल्ला.

मग मंडळातल्या कोणाच्या तरी देवळ्याच्या पाहुण्यांकडून ते अक्कापर्यंत गेलं. तिने मला फोन केला. “पोर येवू देत नही का त्याले?” तेव्हाही मी म्हटलं, “असंच काहीतरी आहे अक्का.” तिने मग थेट मेघाला फोन लावला.

चार दिवसांनी दामूचा फोन आला. “अक्का मेघाला नाही नाही ते बोलली. मेघा रडली रे. ती म्हणते, बाबा, मी तुम्हाला कोंडलंय का? अक्काच्या डोक्यात हे कोणी घातलं कळत नाही.”

मी म्हटलं, “लोक काहीही बोलतात.”

फोन ठेवला. सुमन मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “लोक म्हणजे कोण हो?”

मी तिला सगळं सांगितलं. पुलाचं, बाकाचं, ‘बघू’चं. ती मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, “माझा गुडघा पुढे केलात होय? माझा गुडघा तुमच्याशिवाय उत्तम चालतो. जा तुम्ही. दोन महिने मलाही जरा मोकळं होता येईल. पण आधी देवळ्याला चला.”

देवळा

अक्काच्या घराबाहेर कांद्याची चाळ आहे. ती तिथेच खाटेवर उन्हाला बसली होती. मी समोर खुर्चीवर बसलो आणि सांगितलं: मेघा त्याला पाठवायला एका पायावर तयार आहे, दामू यायला तयार आहे, तिथे एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांना सोडून तो निघत नाही, त्याने मला बदलीवर बोलावलं होतं आणि मी टाळलं. मग तुम्हाला खोटं सांगितलं.

मला वाटलं, आता अक्का शिव्यांची लाखोली वाहणार. ती सुमनकडे वळली.

“हाऊ नेहमी असाच शे का?”

“नेहमी नाही,” सुमन म्हणाली. “अधूनमधून.”

अक्काने फोन मागितला, मेघाला लावायला लावला, आणि तिच्याशी बोलताना रडली, मेघाही रडली असावी. मला त्यातलं काही ऐकू दिलं नाही. फोन परत देताना अक्का म्हणाली, “मंग तू कव्हय जाशी?”

त्याच अंगणातून मी दामूला फोन केला. “रिलीव्हर मिळाला,” मी म्हटलं. मग तो म्हणाला, “बीपीच्या गोळ्या दोन महिन्यांच्या आण. चिक्की आणू नको.” आणि त्यानंतर, “चार्ज विमानतळावर नाही हं देणार. पुलावर द्यायचा. तू बाकावर बसलास, ओनोंनी तुझा हात धरला, की मी निघतो.”

ही दिवाळीआधीची गोष्ट. आता माझी सुटकेस भरून झाली आहे. ओनोंसाठी चिवडा घेतला आहे, कढीपत्ता जास्त घालून. दामू संक्रांतीच्या आधी इकडे पोचेल. मंडळाने त्याला मिसळ खायला घालावी, मळ्यात न्यावं, द्राक्षं खिलवावीत. देवळ्याला त्याला निवांत राहू द्यावं. मेघाविषयी कोणी काही विचारलं, तर हे वाचायला द्यावं.

आणि एक विनंती. तुम्ही त्याला आग्रह कराल, आणखी आठ दिवस राहा म्हणाल, अक्का तर सोडणारच नाही. त्याला वेळेवर परत पाठवा. वारा फार असतो तिथे, पाऊसही येतो, आणि दामू समोर येऊन उभा राहीपर्यंत मी त्या बाकावरून उठणार नाही.